आधीची वर्षं

न केलेल्या नोकरीची पेन्शन कोणालाही मिळू नये, असं माझं पक्कं मत होतं. रत्नागिरीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी नोकरीचा बहुतेक काळ आस्थापना शाखेत काढला. सेवापुस्तकात नोंदी घेणं, दरवर्षी सेवेची पडताळणी करून खाली सही घेणं, आणि कोणी निवृत्तीला आलं की त्याची पेन्शन केस तयार करून वेतन व लेखा कार्यालयाकडे पाठवणं हे माझं काम. त्या टेबलावर बसून मी हे मत अनेकांना ऐकवलं, युनियनच्या बैठकीतही मांडलं. आज ते माझं मत नाही. ते का बदललं हे सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण ज्या नियमामुळे ते बदललं तो नियम आता लागू नाही, आणि त्याची गरज मात्र पुन्हा उभी राहिली आहे.

तो नियम म्हणजे केंद्रीय नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, 1972 मधला नियम 30. काही पदं अशी असतात की त्यांच्यासाठी पदव्युत्तर संशोधन लागतं, किंवा विज्ञान, तंत्रज्ञान किंवा एखाद्या व्यवसायातली विशेष पात्रता किंवा अनुभव लागतो, आणि म्हणून त्यांवर साधारणपणे पंचविशीच्या पुढचेच उमेदवार नेमले जातात. अशा पदावरून वयोमानानुसार निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत काही वर्षं वाढवून धरावीत, असं हा नियम सांगत होता. किती वाढवायची, याची तीन मापं होती. प्रत्यक्ष सेवेचा एक चतुर्थांश. नेमणुकीच्या वेळी वय पंचवीसच्या वर जितकं होतं तितकी वर्षं. किंवा पाच वर्षं. या तिघांतलं सगळ्यांत कमी असेल तेवढंच मिळे. प्रत्यक्ष अर्हताकारी सेवा, म्हणजे आम्ही ऑफिसात ज्याला क्वालिफाइंग सर्व्हिस म्हणायचो ती, निदान दहा वर्षांची हवी. आणि शेवटची अट सगळ्यांत कडक होती: त्या पदाच्या सेवाप्रवेश नियमांत ही सवलत स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे. लिहिलेली नसेल तर माणूस कितीही शिकलेला असो, एक महिनाही वाढत नसे.

ही वाढीव वर्षं इतकी महत्त्वाची का होती, हे कळण्यासाठी त्या काळचा हिशोब माहीत हवा. तेव्हा पूर्ण पेन्शन म्हणजे सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम, आणि ती मिळायला 33 वर्षांची सेवा लागे. सेवा सहामाहीत मोजत. पूर्ण सेवा म्हणजे 66 सहामाह्या. जेवढ्या सहामाह्या कमी, तेवढ्या प्रमाणात पेन्शन कमी. विसाव्या-बाविसाव्या वर्षी टायपिंगची परीक्षा देऊन कारकून म्हणून लागलेल्या माणसाच्या 66 सहामाह्या सहज भरत. तेहेतिसाव्या वर्षी लागून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याची सेवा पंचवीसच वर्षं होई. त्याचं सरासरी वेतन वीस हजार धरलं तर त्याला 10,000 ऐवजी 7,576 रुपये मिळत. पाच वर्षं वाढवून दिली की तीस वर्षं धरून 9,091. महिन्याला पंधराशे रुपयांचा फरक, तोही आयुष्यभराचा.

माझा राग या पाच वर्षांवर होता, आणि तो नियम वाचून आलेला नव्हता. तो घरातून आला होता.

आमचे आप्पा सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते. हातखंब्यापासून पालीच्या दिशेने त्यांचा तुकडा. मे महिन्यात डांबर आणि खडी, जून उजाडायच्या आत गटारं उपसणं, पावसात रस्त्यावर आलेली माती आणि जांभ्याचे चिरे बाजूला करणं, गणपतीच्या आधी चाकरमान्यांच्या गाड्या येणार म्हणून खड्डे बुजवणं. त्यांची सुरुवातीची कित्येक वर्षं रोजंदारीवर गेली. हजेरीपटावर अंगठा, पंधरवड्याला मजुरी. नंतर ते रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर आले, घरात सगळे म्हणाले की आप्पा कायम झाले. निवृत्त झाले तेव्हा पेन्शनचा कागद मीच वाचून दाखवला. सेवा मोजली होती ती कायम झाल्यापासूनची. त्याच्या आधीची वर्षं, ज्या वर्षांत ते सगळ्यांत तरुण होते आणि सगळ्यांत जड काम करत होते, ती त्या कागदावर कुठेच नव्हती. आप्पा काही बोलले नाहीत. आईने विचारलं, "मग ती वर्षं गेली कुठे?" मी आस्थापनेतली, मला उत्तर माहीत होतं. ती वर्षं आकस्मिक खर्चाच्या हिशोबात गेली होती. खडी आणि डांबराच्या शेजारी.

या पार्श्वभूमीवर एखादा पीएच.डी. झालेला अधिकारी, ज्याने ती वर्षं सरकारचं कसलंच काम केलं नाही, त्याला पाच वर्षं वाढवून द्यायची, हे मला अजिबात पटत नसे. केलेल्या कामाची वर्षं मोजत नाहीत आणि न केलेल्या कामाची मोजतात, असं मी म्हणायचे. माझ्या म्हणण्याला आधारही भक्कम होता. 17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकरा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, आधी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. आजही पेन्शनर मंडळी 17 डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात. मी त्यावरून पुढचं अनुमान काढायचे: मोबदला सेवेचा असेल तर जिथे सेवा नाही तिथे मोबदला नाही.

नव्वदच्या दशकात आमच्याकडचे एक तांत्रिक अधिकारी निवृत्तीला आले. तेहेतिशी उलटल्यावर लागलेले. संशोधन, मग एका प्रकल्पात तात्पुरतं काम, मग जाहिरात, मुलाखत आणि नेमणूक. त्यांनी नियम 30 खाली अर्ज केला. मी त्यांच्या पदाचे सेवाप्रवेश नियम काढून वाचले. शैक्षणिक पात्रता होती, अनुभव हवा असं होतं, वयोमर्यादाही मोठी होती, पण ही सवलत लागू राहील असं वाक्य कुठेही नव्हतं. मी टिपणी लिहिली: सवलत अनुज्ञेय नाही. टिपणी नियमाला धरून होती, आजही मी तीच लिहीन. पण ती लिहिताना मला बरं वाटलं होतं, हेही खरं आहे.

ते सर माझ्या टेबलापाशी आले. शांतपणे म्हणाले, "बाई, नियमात नसेल तर राहू दे. पण त्या वर्षांत मी मोकळा नव्हतो, एवढं लक्षात असू द्या. जाहिरातीत तुमच्याच खात्याने मागितलेलं शिक्षण मी घेत होतो." मी "हो सर" म्हटलं आणि पुढची फाइल ओढली. वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही. कारण त्यात मला खोडता येईल असं काही सापडेना. खात्याला तेवीस वर्षांचा मुलगा नको होता. खात्याला शिकलेला, हात बसलेला माणूस हवा होता आणि तसं छापून मागितलं होतं. तो माणूस तयार व्हायला लागलेली वर्षं खात्याच्या उपयोगाची होती, खात्याने त्यांवर एक पैसा खर्च केला नव्हता, आणि शेवटी तीच वर्षं त्याच्या पेन्शनमधून वजा होत होती.

आमच्याकडे हापूसच्या बागेचं वय कोणी पहिली पेटी निघाली त्या वर्षापासून मोजत नाही. कलम लावल्यापासून मोजतात, कारण मधली वर्षं शेणखत, पाणी, राखण यांत गेलेली असतात. हे मला कोकणात जन्मून माहीत होतं. कागदावर मात्र मी रुजू होण्याच्या तारखेच्या मागे बघायला तयार नव्हते.

तरीही माझं मत लगेच फिरलं नाही. आप्पांचा कागद मध्ये येत होता. मला वाटे, सरांचं म्हणणं मान्य केलं तर आप्पांवरचा अन्याय आपणच मान्य केल्यासारखं होईल. पुष्कळ वर्षं मी या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध धरून ठेवल्या.

पुढे आईच्या आजारपणात एक गोष्ट अंगावर आली. तिला ज्या तज्ज्ञाची गरज होती त्याचं पद इथे मंजूर होतं आणि रिकामं होतं. रात्री गाडी करून आंबा घाटातून कोल्हापूरला नेलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किती घरांनी तो घाट रात्री रुग्ण घेऊन ओलांडला आहे, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आई वाचली. परतल्यावर मी ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं की माणसं येत का नाहीत. त्यांनी पगार, घर, मुलांची शाळा, कामाचा ताण, खासगीतलं उत्पन्न, सगळं सांगितलं. पेन्शन त्या यादीत शेवटी होती, पण होती. चाळिशीच्या जवळ येऊन सरकारी सेवेत शिरणारा माणूस पुढची गणितं मांडतो आणि त्याला दिसतं की आपण कधीच पूर्ण माणूस धरले जाणार नाही.

भाचीचं शिक्षण तर डोळ्यांदेखत चाललं होतं. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षं एमडी, मध्ये प्रवेश परीक्षांची तयारी, बंधपत्राची सेवा, मग अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरींवर काम. रात्रपाळ्या तिने विद्यार्थी म्हणून केल्या, पण वॉर्डातला रुग्ण तिला डॉक्टरच म्हणत होता. कायम नेमणुकीची तारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर पडेपर्यंत तिशी मागे पडली. हे बघताना सरांचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवायचं.

त्याच सुमारास मी या सवलतीचा इतिहास वाचायला घेतला, आणि मला आश्चर्य वाटलं ते तिच्या वयाचं. ब्रिटनच्या 1859 च्या सेवानिवृत्ती कायद्यातच अशी तरतूद होती. जी पात्रता सरकारी नोकरीत राहून साधारणपणे मिळत नाही अशी व्यावसायिक किंवा विशेष पात्रता ज्या पदाला लागते, आणि म्हणून माणूस नेहमीच्या वयापेक्षा उशिरा लागतो, त्या पदाच्या सेवेत काही वर्षं मिळवता येत. किती? वीसपर्यंत. काही पदांसाठी सरकारला तेव्हा बाहेरून शिकलेली माणसं हवी होती, आणि ती विशीत मिळत नाहीत हे त्या कायद्याने ओळखलं होतं. नोकरीचा एकच साचा सगळ्यांना बसत नाही ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात लिहिली गेली होती. मी मात्र ती सवलत म्हणजे वरच्या लोकांनी आपल्यासाठी करून घेतलेली सोय, असं समजून बसले होते.

या वाचनात पुढे एक निकाल भेटला, सर्वोच्च न्यायालयाचा पी. रामकृष्णम राजू खटल्यातला, 31 मार्च 2014 चा. प्रश्न उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा होता. जिल्हा न्यायालयातून वर गेलेल्या न्यायाधीशांची आधीची न्यायिक सेवा पेन्शनला धरली जाई. वकिलीतून थेट नेमलेल्यांची वकिलीची वर्षं धरली जात नसत, म्हणून एकाच खुर्चीत बसून काम केलेल्या दोघांच्या पेन्शनमध्ये मोठी तफावत पडे. न्यायालयाने वकिलीची दहा वर्षं सेवेत मिळवायला सांगितली, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद 217 प्रमाणे ती दहा वर्षंच त्या नेमणुकीची पात्रता होती. पुढे संसदेने कायद्यात कलम 14अ घालून ते पक्कं केलं, आणि 1 एप्रिल 2004 पासून लागू केलं. मे 2025 मध्ये तर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने उच्च न्यायालयाच्या सगळ्या निवृत्त न्यायाधीशांना, ते कुठून आले आणि कधी लागले हे न बघता, वर्षाला निदान साडेतेरा लाखांची पूर्ण पेन्शन ठरवून दिली.

पात्रता म्हणून तुम्हीच जी वर्षं मागता, ती मोजताना विसरू नका, हा 2014 च्या निकालातला विचार मला सरळ वाटला. सरांनी वीस वर्षांपूर्वी माझ्या टेबलापाशी उभं राहून तेच म्हटलं होतं.

मग आप्पांचं काय? इथेच माझ्या विचाराची खरी गाठ होती, आणि ती आमच्याच कार्यालयातल्या एका चौकीदाराची केस करताना सुटली. तो आधी रोजंदारीवर होता. केंद्राने 1 सप्टेंबर 1993 पासून रोजंदारी कामगारांना तात्पुरता दर्जा देण्याची योजना आणली, तिच्यात तात्पुरत्या दर्जाच्या सेवेचा निम्मा काळ नियमित झाल्यावर निवृत्तीच्या लाभांसाठी धरायची तरतूद होती. मी त्याची निम्मी वर्षं मोजून त्याच्या सेवेत मिळवली. तक्ता पूर्ण करताना माझ्या ध्यानात आलं की मी इथे करते आहे ती गोष्ट नियम 30 सारखीच आहे. रुजू होण्याच्या तारखेच्या मागे जाऊन, जी वर्षं कामाची होती पण कागदावर नव्हती, ती आत आणते आहे. आप्पांवरचा अन्याय असा होता की त्यांची आधीची वर्षं मोजली गेली नाहीत. सरांची मोजली जावीत असा नियम असणं हा आप्पांवरचा अन्याय नव्हता. मी इतकी वर्षं सरांच्या पाच वर्षांवर राग धरून बसले, आणि आप्पांच्या वर्षांसाठी एक साधा अर्जही कुठे केला नाही. एकाचं काढून घेतलं की दुसऱ्याला न्याय मिळतो, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात काढून घेतल्यावर दोघांनाही काही मिळत नाही.

2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रेमसिंग खटल्यात उत्तर प्रदेशातल्या वर्कचार्ज कर्मचाऱ्यांची आधीची सेवा पेन्शनला धरायला सांगितली, तो निकाल मी दोनदा वाचला. पुढे त्या राज्याने वेगळा कायदा करून अर्हताकारी सेवेची व्याख्याच बदलली, हेही वाचलं. आप्पा तोवर गेले होते.

आता नियम 30 चं पुढे काय झालं ते सांगते. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राने 33 वर्षांची अट काढून टाकली. 2 सप्टेंबर 2008 च्या आदेशाने वीस वर्षांच्या सेवेला निम्म्या वेतनाची पूर्ण पेन्शन आली, आणि वयोमानानुसार दहा वर्षांनंतर निवृत्त होणाऱ्यालाही त्याच दराने मिळू लागली. 66 सहामाह्यांचा तक्ता संपला. त्याबरोबर सेवेत वर्षं वाढवून देण्याची सवलतही मागे घेतली. हे मला तेव्हाही योग्य वाटलं, आजही वाटतं. उशिरा येणाऱ्याचं नुकसानच होत नसेल तर भरपाई कशाची करायची? दहा-बारा वर्षं चालत आलेली माझी तक्रारही त्या आदेशाने आपोआप मिटली होती. सरांसारखा माणूस आता पंचवीस वर्षांत पूर्ण पेन्शन घेऊन गेला असता. सर मात्र त्या आदेशाच्या आधीच निवृत्त झाले होते.

पण हा दिलासा ज्यांना जुनी पेन्शन होती त्यांच्यापुरता. केंद्रात 1 जानेवारी 2004 पासून आणि महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हतीच. त्यांच्या अंशदानाचा फंड, तो बाजारात, आणि शेवटी जे जमेल ते. मार्च 2023 मध्ये जुनी पेन्शन मागत राज्यातले कर्मचारी संपावर गेले तेव्हा रत्नागिरीतल्या ऑफिसांतही शुकशुकाट होता. त्या मागणीला उत्तर म्हणून केंद्राने 24 ऑगस्ट 2024 रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली, दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. केंद्रात ती 1 एप्रिल 2025 पासून सुरू झाली. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी हमी, पण पंचवीस वर्षांच्या सेवेला. त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात. सूत्रात सेवेचे महिने 300 ने भागतात.

ते 300 मी पाहिले आणि मला 66 आठवले. तोच तक्ता, एकक बदललेलं. तीस वर्षं पूर्ण करणाऱ्या कारकुनाला त्याची झळ नाही. चाळिसाव्या वर्षी विशेषज्ञ म्हणून लागलेली बाई साठाव्या वर्षी निवृत्त होईल तेव्हा तिचे 240 महिने भरतील आणि तिची हमी 50 टक्क्यांऐवजी 40 टक्के राहील. जुन्या नियम 30 ची मापं तिला लावून बघा. सेवेचा चतुर्थांश पाच वर्षं, पंचविशीच्या वरची वर्षं पंधरा, कमाल मर्यादा पाच. पाच वर्षं मिळाली की बरोबर 300 महिने होतात. नियम काढला तो 33 वर्षांची अट काढली म्हणून. अट पंचवीस वर्षांची होऊन परत आली, नियम परत आला नाही. हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. नवी योजना करणाऱ्यांपुढे फंड, हमी, सरकारचा साडेअठरा टक्क्यांचा वाटा, असे मोठे प्रश्न होते. पण रत्नागिरीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाला पीएच.डी. झालेली माणसं लागतात, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाला लागतात. अशा संस्था विशीतल्या मुलांवर चालत नाहीत. तिथे लागणाऱ्यांच्या नोकऱ्या उशिराच सुरू होणार, आणि त्यांनाच प्रमाणात कापलेली पेन्शन मिळणार.

2025 मध्ये एकीकृत योजनेचा विकल्प भरण्याची मुदत चालू होती तेव्हा शेजारपाजारचे, ओळखीचे बरेच जण माझ्याकडे हिशोब करून घ्यायला आले. मी प्रत्येकाला आधी रुजू झाल्याचा महिना विचारायचे आणि निवृत्तीचा. दोन्हींमधले महिने मोजून 300 शेजारी मांडायचे. उशिरा लागलेल्यांचे चेहरे त्या आकड्यावर थबकायचे. एकाने विचारलं की कमी पडणारे महिने पैसे भरून घेता येत नाहीत का? फंडात कमी पडलेली रक्कम भरता येते, सेवेचे महिने विकत घेता येत नाहीत. आणि विकत घेण्याची पद्धत मला फारशी पसंतही नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात सरकारी नोकरांना पाच वर्षांपर्यंतची सेवा पैसे भरून वाढवता येत होती. 1 जानेवारी 2013 पासून ती सोय बंद केली. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने वर्षं घ्यावीत, यात प्रशिक्षणाचा आणि पदाच्या गरजेचा काही संबंधच राहत नाही. नियम 30 मध्ये तो संबंध होता. पदाला लागणारी वर्षंच मोजली जात, तीही तीन मापांतून गाळून.

म्हणून मी आता एक मसुदा लिहायला घेतला आहे, पेन्शनर संघटनेतल्या दोघांच्या मदतीने. एकीकृत योजनेत सेवेचे महिने मोजताना दोन प्रकारचे आधीचे महिने धरावेत, असं त्यात मागितलं आहे. पदाच्या जाहिरातीतच मागितलेलं उच्च शिक्षण आणि अनुभव यांचे, जुन्या तीन मापांत बसतील तेवढे. आणि त्याच सरकारकडे रोजंदारीवर किंवा अकरा महिन्यांच्या ऑर्डरींवर केलेल्या कामाचे, हजेरीपटावर किंवा वेतनपटावर पुरावा असेल तेवढे सगळे. दुसरा प्रकार मी पहिल्याच्या आधी लिहिला आहे. वाढवलेल्या महिन्यांचं आपल्या वाट्याचं दहा टक्के अंशदान कर्मचाऱ्याने सुरुवातीच्या वेतनावर हप्त्यांनी भरावं, सरकारने आपला वाटा भरावा. रोजंदारीवाल्याचं दोन्हीकडचं सरकारने भरावं, कारण तेव्हा त्याच्याकडून घ्यायला हवं होतं ते घेतलं नाही ही चूक त्याची नव्हे. सेवाप्रवेश नियमांत स्पष्ट वाक्य असण्याची जुनी अट मी वगळली आहे. त्या एका वाक्याअभावी मी एका माणसाची केस नाकारली होती, आणि ते वाक्य लिहायचं राहिलं याच्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

एका मुद्द्यावर आमच्यात अजून एकमत नाही. खासगी व्यवसायात भरपूर कमावून मग सरकारी सेवेत आलेल्याची वर्षं धरायची का? संघटनेतले जोशीबुवा म्हणतात, धरायची, पात्रता ती पात्रता. मला तेवढं पटत नाही. एमडी करताना विद्यावेतनावर राहिलेली मुलगी आणि स्वतःचं हॉस्पिटल चालवून आलेला डॉक्टर यांची वर्षं मी एकाच रकान्यात लिहू शकत नाही. सध्या तो परिच्छेद पेन्सिलीने लिहिला आहे. पुढच्या बैठकीला तो ठरेल, मग मसुदा टाइप करून दिल्लीला आणि मंत्रालयात पाठवायचा आहे.